चौऱ्याऐंशी गोळ्यांचं कार्ड

सोलापूर
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

चि. भुवनेश्वरीस अप्पाचे आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सॲपवर मला बंद केलंस, म्हणून कागद. कागद फार तर फाडता येतो, आणि तू फाडणाऱ्यातली नाहीस. शाळेतले जुने पेपरसुद्धा तू दोरीनं बांधून ठेवायचीस.

त्यासाठीच लिहितोय. २०१९ साली माझ्या लिव्हरच्या गोळ्या चालू होत्या, तेव्हाचं पिवळं कार्ड तुझ्याकडं असणार. चौऱ्याऐंशी दिवसांचे चौऱ्याऐंशी चौकोन आणि प्रत्येकात तुझ्या हातची खूण. ते कार्ड मला पाहिजे.

तेव्हा गुण आला नाही हे तुला माहीत आहे. हेपॅटायटिस सी गेला नाही, सहा वर्षं भाडं न देता अंगात राहतोय. आता घर पडायला आलंय. लिव्हर आकसलं, पोटात दोनदा पाणी झालं. आपल्या भाकरीच्या कारखान्यातल्या बायका म्हणतात, मालक बारीक झाले, छान दिसता. मीही म्हणतो, डाएट चाललंय.

पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी सुरू आहे. मागच्या गोळ्यांनी ज्यांना गुण आला नाही, फक्त त्यांच्यासाठी. अकरा माणसं घ्यायची आहेत, नऊ झाली. ३१ मार्चला दार बंद.

करावं की नको यात आठ दिवस गेले. बावीस पानांचा कागद दिलाय. मराठीत आहे, पण मराठी माणसानं लिहिलेला वाटत नाही. त्यात आहे की तुम्हाला कुठल्याही क्षणी कारण न देता बाहेर पडता येईल. बरं वाटलं. खाली आहे की आम्हीही तुम्हाला बाहेर काढू शकतो. ते दोनदा वाचलं. मग काय काय होऊ शकतं त्याची यादी : मळमळ, खाज, झोप न येणं, आणि सगळ्यात शेवटी लिव्हर पूर्ण बंद पडणं. पत्रिकेत खाली बारीक अक्षरात 'कृपया आहेर आणू नये' लिहितात तसं. डॉक्टरांना विचारलं, औषध नाही घेतलं तर? म्हणाले, दोन वर्षं, फार तर तीन. आपल्या चटणीच्या पाकिटावरची तारीख वाचावी तसं.

मग ठरवलं, घ्यायचं. पण बाहेर बाकावर बसलो असताना डॉक्टर आत फोनवर बोलत होते, कानडीत. पुण्यात कानडी कुणाला कळत नाही असा त्यांचा समज. म्हणत होते, 'सोलापूरचा एक आहे, बरा वाटतो. पण मागच्या गोळ्या नीट घेतल्या नसतील तर सोडून द्या, रांगेत अजून दोघं आहेत.' मला आत बोलावल्यावर मराठीत गोड आवाजात म्हणाले, गोळ्या देणाऱ्यांनी लिहून दिलं की झालं.

देणारी तू. तेव्हा कार्ड पाठव आणि सोबत दोन ओळी : 'वडिलांना मी रोज स्वतःच्या हातानं गोळी दिली, एकही चुकली नाही.' खाली सही. आता तू नोंदणी झालेली नर्स आहेस, नंबरही घाल. खरं तेच लिहायचंय. तू दिलीस, मी घेतली.

कुरियरनं कडक भाकरीचे चार पुडे आणि शेंगाचटणी पाठवतोय. भाकरी मोडून बघ, आवाज अजून तोच आहे. मशीन आली तरी मी रोज पहिल्या घाण्यातली एक कानाशी धरून मोडतो.

मागचं मनात ठेवू नको. माणूस दुखण्यात काहीही बोलतो.

तुझे अप्पा


सोलापूर
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

चि. भुवनेश्वरीस,

पार्सल न फोडता परत आलं. वर तुझी चिठ्ठी चिकटवलेली : 'अप्पा, गोळ्या मी विकल्या ना? मग सही कुणाची मागता?'

चिठ्ठी पार्सलच्या बाहेर लावलीस, म्हणजे कुरियरच्या पोरापासून आपल्या वॉचमनपर्यंत सगळ्यांनी वाचली. हे डोकं माझं आहे. अव्वाचं, तुझ्या आईचं नाही.

आता त्या दिवसाचं. माझा रिपोर्ट खराब आला, तुझे दोन्ही काका बसले होते, अव्वा होती, तुझा भाऊ मंजू होता. काकांनी विचारलं, गोळ्या घेऊनसुद्धा असं कसं? मी म्हटलं, 'देणारीला विचारा.' दोन शब्द. तुला चोर मी म्हटलं नाही. तू त्या टेम्पोवाल्या माउलीसाठी खऱ्या गोळ्या विकल्यास आणि मला दुसरंच काहीतरी चारलंस, हे तुझे काका म्हणाले. मी फक्त गप्प बसलो. मी गप्प बसलो की घरात त्याचा अर्थ काय होतो हे मला ठाऊक होतं, एवढं कबूल. चार दिवसांनी तू माउलीकडं गेलीस, मग काकांचं म्हणणं खरंच ठरलं. त्यात माझा काय दोष?

काल रत्नम्माच्या फोनवरून तुला फोन लावला. ती भट्टीवरची जुनी बाई, तुला कडेवर घेऊन फिरायची. फोन देताना काय म्हणाली ऐक.

"मालक, तुमच्या फोनवरनं लागत न्हाई व्हय?"

म्हटलं, रेंज नाही.

"माझ्याला हाय की रेंज. मी पोरीला चोर म्हटलं न्हवतं, म्हणून असंल."

बायका हसल्या. मीही हसलो. हसलो नसतो तर उद्यापासून भाकरी जाड आल्या असत्या. फोन माउलीनं, तुझ्या नवऱ्यानं उचलला. 'मामा' म्हणाला, आवाजात साखर.

"मामा, पार्सल धाडू नगा. आमच्या दारात शेरडं हायती, ती बी फुकटचं खात न्हाईत."

"भुवी आहे का?"

"ड्युटीला गेलीया."

"मी फोन केला होता सांग."

"सांगतो की. दुसऱ्याच्या फोनवरनं केला हे आधी सांगतो."

धनगराचं पोरगं, पण बोलायला बरं आहे. त्याला चिंचोळीच्या कारखान्यात गाड्यांवर सुपरवायझर म्हणून घेऊ शकतो. एमआयडीसीत खोलीही देतो. तू विचार कर.

आणि दुसरंही सांगतो, धमकी म्हणून नाही. अकलूजला तू ज्या दवाखान्यात आहेस, त्याच्या ट्रस्टींना दिवाळीत माझ्याकडून डबे जातात. माणूस भला आहे, कान जरा हलका आहे. तिथं तुझ्याबद्दल सहा वर्षांत कुणी काही बोललं नाही, कारण मी बोललो नाही. बाप म्हणून एवढं केलंय.

अव्वा तुझं नाव काढत नाही. विसरली म्हणून नव्हे. मी काढू नको म्हटलंय म्हणून. ते मी परत घेऊ शकतो.

कार्ड आणि दोन ओळी.

अप्पा


सोलापूर
मंगळवार, ४ मार्च २०२५

भुवनेश्वरी,

तुझं पत्र मिळालं. पहिलं पत्र सहा वर्षांत, आणि त्यात एकच प्रश्न : 'मी तुमच्या तळहातावर रोज गोळी ठेवली. तुम्ही तोंडात टाकताना पाहिली. मग खरं काय झालं? ते लिहा, नाहीतर कार्ड चुलीत घालते.'

चुलीत घालू नको. लिहितो.

मंजूलाही तोच आजार आहे. तेव्हापासूनच. तुझ्या जन्माआधी आपल्या गल्लीत एक इंजेक्शनवाला यायचा. काचेची सिरिंज, एकच सुई, गरम पाण्याच्या डब्यात बुडवली की झाली शुद्ध. एका पावसाळ्यात आम्ही बापलेक एकाच दिवशी तापानं पडलो. आधी मला टोचली, मग त्याला. २०१९ ला माझं कळल्यावर मला त्याची शंका आली. त्याची तपासणी मी हैदराबादला नेऊन करून घेतली, दुसऱ्याच नावानं. सोलापुरात केली असती तर लॅबवाला महेश्वरीचा मामा, आणि महेश्वरीचं स्थळ मंजूसाठी तेव्हा नुकतं जमत होतं. अक्कलकोटचं घर, तीन दुकानं, एकच मुलगी. मुलाच्या अंगात असा आजार आहे म्हटल्यावर सोयरीक राहिली असती का?

माझ्या गोळ्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळत होत्या, माझ्या नावावर. मंजूसाठी विकत आणता आल्या असत्या. पण त्याच्या नावाची चिठ्ठी लागली असती. चिठ्ठी आली की दुकानदार आला, दुकानदार आला की पेठ आली. म्हणून एकाच नावावर दोघांनी बरं व्हायचं ठरवलं. एक दिवस मी, एक दिवस तो.

तू संध्याकाळी सातला वर यायचीस. गोळी द्यायचीस, पाणी द्यायचीस, मी घोट घ्यायचो, तू चौकोनात खूण करून खाली जायचीस. एक दिवस गोळी पोटात, एक दिवस गालात. जिन्याच्या तिसऱ्या पायरीची फरशी हलते, तिथं तुझ्या चपलेचा आवाज बदलायचा. तो ऐकला की मी गोळी काढायचो. मंजू दाराआड उभा असायचा. पुसून, पाण्याबरोबर.

तू नर्स आहेस, तू म्हणशील हा वेडेपणा आहे. आता मलाही कळतं. पण तेव्हा वाटलं, दोघांना थोडा थोडा गुण येईल, उरलेलं अंग बघून घेईल. आपल्याकडं पीठ कमी पडलं तर भाकरी पातळ थापतात, उपाशी कुणाला ठेवत नाहीत. विषाणूला ही रीत माहीत नव्हती. तो दोघांच्या अंगात राहिला, आणि वर ती गोळी ओळखायला शिकला. पुण्याचे डॉक्टर असंच म्हणाले. त्यांना अर्थात माझ्यापुरतंच माहीत आहे.

माझा रिपोर्ट खराब आला तेव्हा मंजूनं विचारलं, 'अप्पा, मग माझं?' मी म्हटलं, 'तुझं वय कमी, तुला अर्ध्यातच गुण आला.' त्याची परत तपासणी केलीच नव्हती. तो खूश झाला. पुढच्या फेब्रुवारीत लग्न झालं.

आणि तू. माउलीचं मला तुझ्याही आधी कळलं होतं. नर्सिंग कॉलेजच्या बाहेर तो टेम्पो घेऊन थांबायचा, हॉर्न दोनदा. तू जाणार हे दिसत होतं. रिपोर्टचं खापर कुणावर तरी फुटायचंच होतं. माझ्यावर फुटलं असतं तर मंजू उघडा पडला असता. मला वाटलं, जाणारीच आहे, तर जाताना हेही घेऊन जाईल. घर सोडणाऱ्याबरोबर आपण जुनं सामान देतोच की.

मंजूला हे सगळं माहीत होतं. तो गप्प बसला, कारण मी त्याला गप्प बसवलं. त्याच्यावर रागावू नको, तो माझ्याइतका हुशार नाही.

आता त्याचे पाय सुजतात. महेश्वरी परवा चहा देताना म्हणाली, 'यांचे डोळे हळदीत बुडवल्यासारखे दिसतात, नाही का मामंजी?' मी म्हटलं, ट्यूबलाइटचा उजेड आहे तो.

हे झालं खरं. कार्ड पाठव. २७ दिवस राहिलेत.

अप्पा


सोलापूर
बुधवार, १९ मार्च २०२५

चि. भुवनेश्वरीस आशीर्वाद.

तुझ्या तीन अटी वाचल्या. मंजूला सांगायचं की तो बरा झालेलाच नाही. त्याला सरकारी दवाखान्यात न्यायचं आणि त्यानं एकदा अर्ध्या गोळ्या घेतल्यात हे डॉक्टरांच्या कानावर घालायचं, म्हणजे तीच निकामी झालेली गोळी त्याला परत देणार नाहीत. आणि अव्वाला सांगायचं की तू काही विकलं नाहीस. हे झालं की तू कार्ड आणि सही देणार. खोटी आहे हे माहीत असून देणार, कारण 'दोघांतला एक तरी वाचेल, जमलं तर दोघं'. हे वाक्य वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं.

मंजूला रविवारी गच्चीवर नेऊन सांगितलं. तो कठड्याला टेकून खाली बसला. मग म्हणाला, "अप्पा, मी पाच वर्षं तिला भाऊबीजेला फोन केला नाही. तुम्ही म्हणाला होता, करू नको."

मी म्हटलं, आता कर.

"आता काय तोंडानं करू?"

सोमवारी त्याला दवाखान्यात घेऊन गेलो. गर्दी होती, अकरा वाजता नंबर लागला. तरुण डॉक्टर, लातूरकडचा असावा, बोलण्यावरून. नाव, वय, काम. पूर्वी या आजाराचं औषध घेतलंय का, असं त्यानं विचारलं. सांगितलं. त्यानं लिहून घेतलं. रक्त घेतलं, पोटाचा फोटो काढला. पुढच्या आठवड्यात औषध सुरू करतो म्हणाला.

अव्वालाही सांगितलं. ती मेथी निवडत होती. 'बरं झालं,' म्हणाली आणि निवडत राहिली. तुला तिचा स्वभाव माहीत आहे.

तिन्ही अटी पूर्ण. दहावं माणूस पुण्यात काल भरलं. एकच जागा आहे. उद्याच्या उद्या कुरियर कर. सोबत परतीचं पाकीट ठेवलंय, पत्ता लिहिलेलं.

तुझे अप्पा


सोलापूर
शनिवार, १२ एप्रिल २०२५

चि. भुवनेश्वरी,

अकरावा मी. सोमवारी पुण्यात पहिल्या गोळ्या घेतल्या. तीन मोठ्या, रंग विटकरी. आता चोवीस आठवडे. खाज सुटलीय, बाकी ठीक. कार्ड डॉक्टरांना फार आवडलं. म्हणाले, अशा मुली नशिबानं मिळतात.

आता सांगायला हरकत नाही.

त्या सोमवारी दवाखान्यात डॉक्टरांनी मंजूला विचारलं, 'पूर्वी औषध घेतलंय?' मंजू तोंड उघडणार, तेवढ्यात मी टेबलाखालून त्याचा गुडघा दाबला आणि म्हटलं, 'नाही साहेब, नवीन पेशंट आहे.' त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं नाही. डॉक्टरनं 'नवीन' लिहिलं.

दुसरा रस्ताच नव्हता, समजून घे. त्यानं अर्ध्या गोळ्या घेतल्या म्हटल्यावर कुणाच्या, हा पुढचा प्रश्न. माझ्या. मग माझ्या चौऱ्याऐंशीचं काय? दवाखान्यांचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले असतात, पुण्याला कळायला किती वेळ? रांगेत दोघं होते. मला दोन वर्षं दिलीत. मंजू तेहतीसचा आहे, त्याच्याकडं वेळ आहे. त्याला सध्या जुनीच गोळी चालू आहे, तुला भीती वाटत होती तशी. गुण नाही आला तर शेवटी रिपोर्टमध्ये दिसेल, तेव्हा डॉक्टरच दुसरं काहीतरी देतील. चार-सहा महिन्यांत काय बिघडतं?

अव्वालाही सांगितलेलं नाही. ती मेथी निवडत होती हे मात्र खरं.

तू आता चिडून पुण्याला कळवायचं म्हणशील. त्याआधी थंड डोक्यानं एक गोष्ट बघ. तुझ्या सहीवर तारीख २४ मार्च आहे. अर्ध्या गोळ्यांचं माझं पत्र तुला ६ मार्चला मिळालं. कुरियरच्या पावतीवर तुझी सही आहे, ती पावती माझ्याकडं आहे. म्हणजे नर्सनं खोटं माहीत असताना खोटं लिहून दिलं, वर नोंदणी नंबर घालून. मी फार तर चाचणीतून बाहेर पडेन. तुझं लायसन्स जाईल. ते पत्र मी मन हलकं करायला लिहिलं असं तुला वाटलं असेल. थोडं तेही होतं.

रागावू नको. मी एसटी स्टँडवर टोपलीतून भाकरी विकत मोठा झालो. समोरचा उठून जाऊ शकणार नाही अशी गाठ आधी मारायची, मग बोलायला बसायचं, हे मला तिथं कुणी शिकवलं नाही, आपोआप आलं. तुझ्याशी तसं वागावं लागलं याचं वाईट वाटतं.

चोवीस आठवडे गप्प बस. मग मंजूचं मी स्वतः बघतो.

अप्पा


सोलापूर
शुक्रवार, ९ मे २०२५

भुवनेश्वरी,

तू माझी पाचही पत्रं झेरॉक्स काढून पुण्याला पाठवलीस. सोबत स्वतःचं पत्र : सही खोटी आहे, मला माहीत होतं, माझ्यावर जी कारवाई व्हायची ती होऊ दे. तेच पत्र तुझ्या मेट्रनलाही. गाठ मारली होती ती बरोबर होती. तू गाठ सोडवली नाहीस, दोरासकट हात तोडलास. हे मला सुचलं नव्हतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी पंचविसाव्या दिवशी माझं नाव काढलं. या वेळी मराठीतच बोलले. 'मी तुमच्यासाठी चिडलेलो नाही, तुमच्या मुलासाठी चिडलोय,' म्हणाले. विटकरी गोळ्यांची बाटली परत घेतली, माझ्यासमोर मोजून. दुसरीकडून काही औषध मिळालं तर बघतो म्हणाले, वचन देत नाही म्हणाले. मग त्यांनी सोलापूरला फोन केला. मंजूची जुनी गोळी थांबली. त्याचं रक्त नव्यानं तपासायला गेलंय, त्याला कुठलं औषध चालेल ते कळेल. लिव्हर अजून हातचं गेलेलं नाही असं तो लातूरकडचा डॉक्टर म्हणतो. तो माझ्याशी बोलत नाही, मंजूशीच बोलतो.

महेश्वरी अक्कलकोटला गेली. मंजू मागोमाग गेला, दोन दिवस त्यांच्या ओसरीवर बसून होता. तिसऱ्या दिवशी तिनं आत घेतलं असं ऐकतो. परत आला की वेगळं राहणार म्हणे. मला त्यानं एकच फोन केला. म्हणाला, "अप्पा, तुम्ही माझा गुडघा दाबला तेव्हा मी का गप्प बसलो, हे मला भुवीला सांगायचंय. तुम्हाला नाही."

तुझी नोकरी गेली हे ट्रस्टींकडून कळलं. तुला माहीत असावं म्हणून लिहितो : तुझी मेट्रनला चिठ्ठी गेली त्याच आठवड्यात माझाही अर्ज तिथं पोचला. पुण्याहून फोन आला त्या दुपारी मी तो लिहून टाकला होता, कुरियरच्या पावतीसकट. रागात हात थांबला नाही. नुसत्या तुझ्या चिठ्ठीवर तुला कदाचित ताकीद देऊन सोडलं असतं, असं ते म्हणाले. माझ्या अर्जामुळं सोडता आलं नाही.

अव्वाला सगळं कळलं. काल पुण्याहून पुन्हा फोन आला तेव्हा मी आंघोळीला गेलो होतो, तिनं उचलला. डॉक्टरांशी कानडीत पंधरा मिनिटं बोलली. मी नळ बंद करून ऐकत होतो. बोलणं संपल्यावर तिनं मला जेवायला वाढलं, भांडी घासली, आणि पिशवी भरायला घेतली. मी विचारलं, कुठं? म्हणाली, अकलूजला. मी म्हटलं, धनगराच्या घरात जेवशील? म्हणाली, "तुमच्या घरात जेवले की एवढी वर्षं."

आता साडेदहाच्या गाडीत तिला बसवायला स्टँडवर आलोय, बाकावर बसून हे शेवटचं लिहितोय. ती पलीकडं बसलीय, माझ्याकडं बघत नाही. हे पाकीट तिच्याच पिशवीत घालतोय, तिला कळणार नाही.

एक सांगायचं आहे, ते तुलाच सांगता येईल. तिच्या रक्ताची तपासणी कधी झालेली नाही. माझी नखं तीच कापते, त्याच नेलकटरनं स्वतःचीही. दाढी करताना कापलं की कापूस तीच धरते. सहा वर्षांत प्रत्येक डॉक्टरनं विचारलं, 'यांची तपासणी झालीय ना?' आणि प्रत्येक वेळी मी म्हटलं, 'झालीय साहेब, काही नाही निघालं.' ती शेजारच्या खुर्चीवर बसलेली असायची. तिला वाटायचं, झाली असेल कधीतरी, आपल्या लक्षात नसेल.

तीनपर्यंत पोचेल. सकाळी काही खाल्लेलं नाही. आधी तिला जेवू घाल. मग रक्त घे.

महादेवप्पा